जिताड्याचा हंगाम आणि मर्यादा : खाडीवर गरवायला (गळानं मासे धरायला) जाणाऱ्या सोलापूरकरांनी आपणच ठरवूया का?

तंगूस (सोलापूर)

पाऊस तोंडावर आलाय आणि ग्रुपवर दरवर्षीचाच मेसेज फिरायला लागलाय. "जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघू, खाडीच्या मुखाशी जिताडा तेव्हाच लागतो." तो तेव्हा का लागतो, हे सगळ्यांनी एकदा नीट समजून घ्यावं म्हणून हा धागा काढतोय.

रत्नागिरीचा हायवे सुधारल्यापासून सोलापुरातून रात्री निघालं की मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरून सकाळच्या भरतीला खाडीवर उभं राहता येतं. रॉड-रील घेणारी पोरं वाढली. एका गाडीत चौघं, डिकीत थर्माकोलचा बॉक्स आणि बर्फ. पूर्वी हौशी लोक मोजकेच होते, त्यांनी चार मासे नेले तरी फरक पडत नव्हता. आता पडतो.

जिताड्याचं वेगळेपण असं. हा मासा जन्माला येतो तेव्हा मादी नसतो. तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून वयात येतो, एक-दोन हंगाम नर म्हणून विणीत भाग घेतो आणि पुढे साधारण सहा ते आठ वर्षांचा झाल्यावर त्याचीच मादी होते. म्हणजे खाडीतले मोठे जिताडे जवळपास सगळे माद्या. गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यात वाढलेले हे मासे पावसाच्या सुरुवातीला खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालायला उतरतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला, रात्रीच्या चढत्या भरतीत वीण होते आणि तीच भरती अंडी, पिल्लं आत कांदळवनात नेऊन सोडते. आपण जूनमध्ये ज्या जागी गळ टाकून उभे असतो, ती त्यांची विणीची जागा आहे. आणि ज्याच्या फोटोला सगळ्यात जास्त लाइक पडतात, तो दहा-बारा किलोचा मासा म्हणजे अंड्यांनी भरलेली मादी.

यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै समुद्र बंद असतो. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, २०२१ मध्ये तो दुरुस्त होऊन दंड वाढले. २०२३ मध्ये ५४ जातींचे किमान आकार ठरले, पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान धरायचं नाही असं आलं. हे सगळं पोटासाठी मासे मारणाऱ्यांना. हौसेसाठी काठावर उभं राहणाऱ्या माणसाला मात्र आज किती नेले, केवढे नेले, हे कुणी विचारत नाही. मला हे बरोबर वाटत नाही.

माझा प्रस्ताव : १ जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत जिताड्यासाठी गळ टाकायचा नाही. एरवी माणशी दिवसाला एकच, तोही ५५ ते ८० सेंटिमीटरमधला. त्याच्या खालचा आणि वरचा पाण्यात परत. बोला.

सातरस्ता

अण्णा, भावना समजली. पण हिशेब कुठं जुळतोय? आपण चौघं मिळून दोन मासे आणणार. तिकडं पर्ससीनवाले (माशांच्या थव्याला मोठ्या जाळ्यानं वेढणाऱ्या बोटी) एका खेपेत टनानं काढतात. एलईडी लावून मासेमारीला केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली, तरी रात्री समुद्रात दिवे दिसतातच. आधी त्यांना आवरा की. वर्षातून दोनदा खाडीवर जाणाऱ्यानं स्वतःला बांधून घेऊन जिताडा वाढणार आहे का?

खाडीकाठ (रत्नागिरी जिल्हा)

सातरस्तादादा, मी खाडीवरच राहतो. छोटी होडी आहे, घरी पाहुण्यांची सोय करतो, तुमच्या सोलापूरची मंडळी येतात. म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पर्ससीन बाहेर समुद्रात चालते आणि तिच्याविरुद्ध आमचं भांडण चालूच आहे, ते आम्ही सोडलेलं नाही. पण पर्ससीनमध्ये मुख्यतः बांगडा, तारली असा थव्यानं फिरणारा मासा येतो. जिताडा खाडीतला. तो कमी होतो तो खाडीतल्या जाळ्यानं, पागानं (फेकजाळ्यानं), गरीनं, आणि आत खाजणाचे (खाडीकाठच्या सखल जमिनीचे) बांध, उघाड्या (बांधातली पाण्याची दारं), भराव यांनी पिल्लांची वाट अडल्यानं. त्यामुळे "समुद्रात टनानं काढतात" हे जिताड्याच्या बाबतीत उत्तर होत नाही. एका खाडीत मोठ्या माद्या काही हजारांनी नसतात. मुखाशी खडकाच्या दोन-तीन जागा आहेत, तिथंच जमतात. त्या जागेवर दहा रॉड लागले आणि प्रत्येकानं एक मोठा काढला, तर त्या उधाणाची वीण गेली म्हणा ना.

दुसरं जरा कडू आहे. जून-जुलैमध्ये आमच्या गावातल्या मोठ्या होड्या नांगरून ठेवलेल्या असतात. घरात पैसा नसतो. अशा वेळी बाहेरगावचे लोक महागाच्या काठ्या घेऊन येतात, मोठे मासे काढतात, आणि त्यातले काही जण जाताना वाटेतल्या हॉटेलला विकूनही जातात. ही हौस नव्हे. गावात यावरून बोलाचाली झालीय. तुम्ही स्वतःहून नियम करत असाल तर पहिलं वाक्य हे घाला : हौशी माणसानं मासा विकायचा नाही.

तंगूस

खाडीकाठदादा, विक्रीबंदी पहिलीच घालतो.

अक्का_विजापूररोड

मी जीवशास्त्र शिकवते, म्हणून आकाराबद्दल सविस्तर लिहिते.

बहुतेक माशांसाठी "लहान सोडा, मोठा न्या" हा नियम पुरतो, कारण एकदा वीण झालेला मासा नेला तर चालतं असं गृहीत असतं. जिताड्याला तो लावला तर आपण सगळ्या माद्या वेचून नेऊ. उलट फक्त मोठे सोडले आणि लहान नेले तर मादी होण्याआधीच मासा संपतो. म्हणून खालून आणि वरून, दोन्हीकडून मर्यादा लागते. ऑस्ट्रेलियात हाच मासा बारामुंडी या नावानं हौशी लोकांचा लाडका आहे. तिथं क्वीन्सलँडमध्ये ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० पेक्षा मोठा नेता येत नाही, जवळ पाचच ठेवता येतात, आणि पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी पूर्ण बंद. तिकडचा उन्हाळी पाऊस तेव्हा असतो, म्हणजे विणीचाच काळ. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात आणखी कडक : ५५ ते ८० सेंटिमीटर आणि फक्त दोन.

मोठ्या मादीचं मोल समजायला एवढं लक्षात घ्या. अंडी माशाच्या लांबीच्या पटीत वाढत नाहीत, अंगाच्या घनफळाबरोबर वाढतात. लांबी दीडपट झाली की अंगमान तिपटीच्या वर जातं. एक मोठी जिताडी हंगामात काही दशलक्ष, कधी कोटींच्या घरात अंडी सोडते. तिच्याऐवजी दोन मध्यम मासे नेले तरी खाडीचं नुकसान कमीच होतं.

सातरस्ता यांनी "दोन माशांनी काय होतं" म्हटलं. दोनच मासे, पण कुठले आणि कधी, यावर सगळं अवलंबून आहे. ऑक्टोबरमधले ६० सेंटिमीटरचे दोन आणि जूनच्या अमावस्येला मुखाशी काढलेले मीटरभराचे दोन, यांचं वजन खाडीच्या हिशेबात फार वेगळं आहे.

सातरस्ता

अक्का, हे मला खरंच माहीत नव्हतं. मोठा मासा सोडायचा हे पटलं. हंगामाचं मात्र अजून पटत नाही. पकडून सोडायचाच असेल तर जूनमध्ये गेलं तर काय बिघडतं? फोटो काढू, सोडू.

अक्का_विजापूररोड

बिघडतं. विणीला आलेला मासा गळावर दहा-पंधरा मिनिटं झुंजला की दमतो, अंगात ताण साठतो. मग वाळूवर ओढला, कोरड्या हातांनी धरला, तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखमेला बुरशी लागते. उभा लटकवून फोटो काढला तर दहा किलोच्या माशाचा सगळा भार जबड्यावर आणि मणक्यावर येतो. पोहत गेला म्हणजे जगला असं नाही. आणि जगला तरी त्या उधाणाला अंडी घालेलच असं नाही. विणीच्या जागेवर न जाणं हाच खरा उपाय.

जुळे_सोलापूर (सध्या ह्यूस्टन)

मी इथे टेक्ससमध्ये लायसन्स काढून मासे धरतो, म्हणून इकडचा अनुभव सांगतो. रेड ड्रम नावाचा किनाऱ्यालगतचा मासा आहे. १९८० च्या दशकात हॉटेलांतून त्याची एवढी मागणी वाढली की साठा कोसळायला आला. टेक्ससनं १९८१ मध्येच त्याची व्यापारी विक्री बंद केली होती, नंतर संघीय (केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या) समुद्रातही तो धरणं बंद झालं. आज इथे २० ते २८ इंचांमधलेच दिवसाला तीन नेता येतात. २८ इंचांच्या वरचा मोठा मासा न्यायचा असेल तर लायसन्सबरोबर एक कागदी टॅग येतो, तो माशाला बांधायचा. टॅग संपला की मोठा मासा संपला. "आयुष्यात एकदा मोठा मासा घरी न्यायचाय" म्हणणाऱ्यालाही वाट राहते आणि मोजदादही होते.

उलटं उदाहरण रेड स्नॅपरचं, आपल्या तांबोशीचा चुलतभाऊ. संघीय समुद्रात माणशी रोजची मर्यादा दोनच मासे. तरी बोटी वाढल्या, मासे वजनदार झाले, राज्यांनी आपापल्या पाण्यात हंगाम लांबवले, आणि वर्षाचा ठरलेला कोटा पटापट भरायला लागला. २०१७ मध्ये मेक्सिकोच्या आखातात खासगी बोटींसाठी संघीय हंगाम फक्त तीन दिवसांचा जाहीर झाला. केवढा गोंधळ! शेवटी तो वाढवावा लागला, नंतर राज्यांकडे व्यवस्थापन दिलं, लोकांनी फोनवरून नोंदी द्यायच्या असं ठरलं. माणशी मर्यादा ठेवली पण माणसं किती हे मोजलं नाही, तर मर्यादेचा उपयोग होत नाही, हे मी त्यातून शिकलो. तंगूसअण्णा, तुमच्या प्रस्तावात नोंदवहीचं कलम नाही. ते हवं.

भीमातीर (करमाळा)

तुम्ही सगळे कोकणात चाललाय, पण आपल्या दारातल्या उजनीचं काय? सोलापूरचे गळवाले वर्षभर तर तिथंच बसतात.

उजनीचं पाणी ११७ टीएमसी, त्यातलं ६३ मृत साठा. उन्हाळ्यात वजा टक्केवारीत गेलं की मासा खोलगट डबक्यांत दाटतो आणि कुणीही येऊन काढतो. बारीक जाळ्यांनी बोटाएवढी पिल्लं ओढून सुकवायला विकतात, त्यावर मच्छीमारांनी कितीदा तक्रारी केल्यात. रोहू, कटला मिळायचं कमी झालं, जाळ्यात बघावं तर चिलापीच चिलापी. माझ्या घरात तीन पिढ्या मासेमारी आहे, इंदापूर-भिगवणच्या बाजाराला माल जातो. गळवाल्यांनी नियम करायचा तर उजनीपासून सुरुवात करा, असं माझं म्हणणं.

तंगूस

भीमातीरकाका, बरोबर बोललात. पण दोन्हीकडं एकच नियम चालणार नाही. अक्का, तुम्ही सांगा.

अक्का_विजापूररोड

चालणार नाही. कटला, रोहू, मृगळ साठलेल्या पाण्यात नीट वीण करत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून जलाशयात बोटुकली (बोटाएवढी वाढवलेली पिल्लं) सोडावी लागते. तिथं मोठी मादी राखण्यापेक्षा सोडलेलं बी वाढू देणं महत्त्वाचं. म्हणजे खालची मर्यादा हवी, वरची नसली तरी चालेल. क्वीन्सलँडमध्येही हाच भेद करतात : बी सोडलेल्या ठरावीक धरणांत १२० सेंटिमीटरवरचा एक बारामुंडी नेता येतो, कारण धरणात अडकलेली मादी समुद्रापर्यंत जाऊच शकत नाही.

पण आषाढात वरच्या अंगाला, जिथं भीमा आणि ओढे जलाशयाला मिळतात, तिथं चढणीचे मासे येतात. ते ओढ्यात काठीनं मारून, कापडानं गाळून नेण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. तिथं पूर्ण बंदी हवी. तेवढेच मासे स्वतःच्या बळावर वीण करायला निघालेले असतात.

चिलापीला मर्यादा नको, हव्या तेवढ्या न्या. आणि थाई मांगूर किंवा तो अंगावर खवल्यांचं चिलखत असलेला सकर मासा गळाला लागला तर पाण्यात परत सोडू नका. थाई मांगूर पाळण्यावर देशात बंदी आहे, तो बाकीच्यांची पिल्लं खातो. घरच्या काचेच्या टाकीत मोठा झालेला सकर मासा कुणीतरी दया करून तलावात सोडतो, तिथून ही पीडा सुरू होते. हिप्परग्याला, कंबर तलावावर जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

भीमातीर

अक्का, अगदी हेच. सकर माशाच्या काट्यांनी जाळी फाटतात, पुन्हा बाजारात त्याला कुणी विचारत नाही. रोहू-कटला अर्धा किलोच्या आतला सोडायचा, एवढं जरी गळवाल्यांनी पाळलं तरी आमच्या लोकांना बरं वाटेल.

सातरस्ता

बरं, मग जिताड्याच्या तारखेचं बोलू. नारळी पौर्णिमा कधी लवकर, कधी उशिरा. २०२३ मध्ये अधिकामुळे ३० ऑगस्टला होती, २०२४ मध्ये १९ ऑगस्टला. सरकारी बंदी ३१ जुलैला उठते. आपण महिनाभर जास्त का थांबायचं?

खाडीकाठ

थांबायचं, कारण पूर्वीचे लोक नारळ सोडल्याशिवाय होडी पाण्यात घालत नसत आणि ते उगाच नव्हतं. समुद्र खवळलेला असतो हे एक, आणि तोवर मासा वाढू लागलेला असतो हे दुसरं. वीणही चंद्राच्या भरतीवर चालते, तर बंदी चंद्राच्या तिथीवर संपली तर चुकीचं काय? शिवाय गावातल्या माणसाला १ ऑगस्ट लक्षात राहणार नाही, नारळी पौर्णिमा राहते. तुम्ही त्या दिवसानंतर या. गाव तुमचं स्वागत करेल, हे मी शब्द देऊन सांगतो.

जुळे_सोलापूर

पाळायला सोपा असेल तोच नियम टिकतो, हे इकडेही दिसतं. खाडीकाठ यांच्याशी सहमत.

नवा_गळ

मी नवीन आहे, एक शंका. ५५ च्या खालचा मासा गळ खोल गिळून बसला आणि मरणारच असेल, तरी सोडायचा का? वाया जाणार ना?

तंगूस

सोडायचाच. "मरणारच होता" ही सवलत दिली की प्रत्येक लहान मासा मरणाराच निघतो. खोल गेलेला गळ उपटायचा नाही, तोंडाजवळून तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) कापायचा. पुष्कळ मासे गळासकट जगतात. मुळात तसं होऊ नये म्हणून आत वळलेल्या टोकाचा सर्कल हुक वापरा, तो सहसा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. जिवंत कोळंबी लावत असाल तर हे फारच गरजेचं, कारण कोळंबी तो सरळ घशात घेतो. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका. मासा पाण्यातच ठेवून हात ओले करून सोडवा, उचलायचाच तर दोन्ही हातांवर आडवा. कल्ल्यात बोट घालायचं नाही.

आता मसुदा असा झाला, कुणाला हरकत असेल तर लिहा.

खाडीसाठी : हौशी माणसानं मासा विकायचा नाही. १ जून ते नारळी पौर्णिमा जिताड्यासाठी गळ नाही, पकडून सोडण्यासाठीही नाही. एरवी माणशी दिवसाला एक, ५५ ते ८० सेंटिमीटर, आणि गाडीत कितीही माणसं असली तरी एका सहलीत एका गाडीतून चारच्या वर नाहीत. कारण "हा उद्याचा, हा परवाचा" असं करत बॉक्स भरतो. ह्यूस्टनची टॅगची कल्पना मला आवडली, पण पहिल्या वर्षी नको. आधी मोठा मासा सोडायची सवय लागू दे.

उजनी आणि तलावांसाठी : अर्धा किलोच्या आतले रोहू, कटला, मृगळ परत. चढणीच्या माशांना हात नाही. चिलापी मोकळी. थाई मांगूर आणि सकर परत सोडायचे नाहीत.

नोंद : तारीख, खाडी किंवा तलाव, भरती की ओहोटी, लांबी, नेला की सोडला. रिकामे हात आलो तरी नोंद करायची, नाहीतर सरासरी खोटी येते. सरकारी संस्था मासळी मोजतात ती बंदरावर उतरणारी. आपला मासा बंदरावर उतरतच नाही, डिकीत जातो. आपण लिहिलं नाही तर तो कुठल्याच हिशेबात येणार नाही.

सातरस्ता

एका गाडीला चारची अट मला जाचक वाटते. तीन दिवस राहणाऱ्यानं काय करायचं? पण नारळी पौर्णिमेचं मान्य. जूनचं बुकिंग मी रद्द करतो. खाडीकाठदादा, ऑगस्टअखेर आमची चार माणसं धरा.

खाडीकाठ

धरली. तीन दिवस राहणार असाल तर ताजा मासा इथंच खा, घरी न्यायला चार पुरेत. आणि आगाऊ दिलेले पैसे पुढच्या तारखेला वळते करतो, काळजी नको.

भीमातीर

मोजायला पट्टी कुठून आणायची? काठावर टेप कुणी काढत नाही, अंदाजानंच चालतं.

तंगूस

फ्लेक्सवर मीटरभराची पट्टी छापून घेतो. ५५ ते ८० हिरवं, बाकी लाल. मागच्या बाजूला उजनीचा नियम मोठ्या अक्षरात. बॉक्सच्या झाकणावर चिकटवली की मासा आडवा ठेवला आणि समजलं. कोळी बांधवांसाठी खाडीकाठदादांकडं आणि उजनीच्या काठासाठी भीमातीरकाकांकडं थोड्या जास्तीच्या पाठवतो. कुणाला किती हव्यात ते रविवारपर्यंत इथंच लिहा. नोंदवहीचा तक्ता अक्का बनवतायत, तो आला की वर चिकटवतो.

नवा_गळ

मला दोन पट्ट्या. एक माझ्या काकांसाठी, ते दर रविवारी हिप्परग्याला बसतात.

अक्का_विजापूररोड

तक्त्यात एक रकाना वाढवलाय : "पोटात अंडी होती का". नेलेला मासा साफ करताना बघा आणि लिहा. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी जमल्या की आपल्या खाडीत वीण नेमकी कधी सुरू होते आणि कधी संपते ते आपल्याच आकड्यांवरून दिसेल, मग तारखा त्याप्रमाणे पुढेमागे करू.